वार्ताफलक

सव्वासातला कुलूप काढतो,
ओल्या फडक्यानं कालचा दिवस पुसतो.
वर तारीख, डावीकडे हजेरी,
मधली जागा बातम्यांची. ती मी लिहितो.
शिपाई आहे, पण अक्षर बरं आहे
असं दळवी बाई म्हणतात
आणि त्यांच्या आधी पेपर मला वाचू देतात.

आश्विन लागला. पाऊस गेला,
जाता जाता मैदानाची भिंत घेऊन गेला.
सहामाहीचं वेळापत्रक आलं, गणित सोमवारी.
ही बातमी मधल्या सुट्टीत दोनदा पुसली गेली.
टोमॅटो उतरला. कादवेचं पाणी निवळलं.
बागांत छाटणी सुरू झाली.

छाटणीला माणसं येतात सुरगाण्याहून, पेठहून,
पिकअपमध्ये बोचकी, कोंबड्या, तवे,
आणि यंदा अकरा पोरं,
ज्यांची नावं हजेरीत पेन्सिलीनं लिहायची असतात.

यशोदी भोये, सातवी, पेन्सिलीतली.
खुंटाला वळसा घालते
तेव्हा धूळ तिच्या मागून उशिरा उठते.
तालुक्याला आपल्या मुली जिंकल्या खो-खोत.
रंगीत खडू संपले होते,
रंभाताईंकडून खिचडीची हळद मागितली,
वाटीत कालवली, बोटानंच लिहिलं:
जिंकलो.

पण जिल्ह्याचा सामना सोमवारी
आणि टोळीचं काम गुरुवारी उरकणार.
मुकादम म्हणाला, पुढची बाग दिंडोरीला, आगाऊ पैसे घेतलेत.
ही बातमी कशी लिहायची?
मी मधली जागा रिकामी ठेवली.

रिकामा फळा लोक जास्त वाचतात.
दूध घालून परतणारे थांबले,
मुलीला सोडायला आलेली पोस्टमनची बायको थांबली.
काय झालं हो नाना, आज काहीच नाही?
सांगितलं.
कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, झालं.

संध्याकाळी बाळू ढोमसे आला, चप्पल दाराबाहेर काढून,
जसा चौथीत नापास झाला तेव्हा उभा राहिला होता तसाच.
माझी मागची दीड एकर राहिलीय म्हणाला,
राहिली नव्हती खरं तर, पुढच्या आठवड्यात धरणार होता.
मुकादमाशी तो बोलला की भांडला, ठाऊक नाही.
अन्वर तांबोळी म्हणाला, सोमवारी गाडी नाशकाला रिकामीच जाते.
सोमवारी गाडी कधीच रिकामी जात नाही.

कोजागरीला भिंत बांधली.
टोमॅटोचे क्रेट उलटे घालून बायका बसल्या,
चुलीवर दूध आटत राहिलं,
मधे एकदा उतू गेलं, त्यावरून दोन जावा बोलेनाशा झाल्या,
अजून बोलत नाहीत.
यशोदीचा बाप दिवसभर वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावून आलेला,
तांबडे हात,
विटा झेलत होता, एकही खाली पडू दिली नाही.
भिंत जरा वाकडी आहे.
चांदण्यात सरळ दिसली होती.

नाशकात हरलो. एका गुणानं, उपांत्य फेरीत.
यशोदी गाडीत कुणाशी बोलली नाही,
ओझरला वडापाव घेतला तेव्हा म्हणाली,
शेवटचा खो उशिरा दिला मी.
अन्वर म्हणाला, गाडीपण उशिराच पोचली होती गं.
हे काही फळ्यावर लिहिलं नाही.

मंगळवारी पहाटे टोळी गेली.
वर्गात अकरा जागा.
बाई हजेरी काढून बसल्या, हातात खोडरबर,
बराच वेळ.
मग म्हणाल्या, नाना, खरड छाटणी एप्रिलात असते ना?
असते म्हटलं.
रबर ड्रॉवरमध्ये ठेवलं त्यांनी.

फळा रोज पुसतो.
हळद निघत नाही.
ओलं फडकं फिरलं की पिवळं काहीतरी वर येतं,
त्यावरच लिहावं लागतं.
आज: निफाडचा पारा चौदावर.
उद्यापासून मुलांनी स्वेटर घालून यावे.
ज्यांच्याकडे दोन आहेत त्यांनी दोन आणावे.