तीळभर

टोलेडो. मार्चअखेर. गॅरेजचं शटर अर्धंच वर.
व्हर्लन प्रूइटचे कान प्रेसशॉपमध्येच राहिले,
रिटायर तेवढा तो झाला.
स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरून
टोक टेकवतो अडुसष्टच्या पॉन्टिॲकच्या
थरथरत्या इंजिनावर,
आणि डोळे मिटतो.

मी डिस्ट्रिब्यूटर धरून ओणवी.
बोटानं खूण: फिरव.
किती?
अंगठ्याचं नख तर्जनीच्या पेरावर. एवढंच.
तीळभर, म्हणते मी,
त्याला तसंही काय ऐकू येणार!

लय अडखळतेच.
पुन्हा तीळभर. थोडं मागे.
मग फेंडरवरचा कॉफीचा कप
कडकडायचा थांबतो.

व्हर्लन मूठ पुसतो शर्टाला.
तिच्यावर दातांच्या जुन्या, खोल खुणा.
"आता तू चाव."

चावते.
जिभेवर पेट्रोल,
आणि कवटीत, एकामागून एक,
आठही जण हजर.