ठिगळ

लिहा, कारकूनसाहेब.
नाव रिकेल्दा. लोकर पिंजणाऱ्या तादेओची विधवा.
गाव हेच, डोंगराच्या काखेतलं.
वय? पूल वाहून गेला त्या साली
मी अंगावर पीत होते. करा हिशेब.

चमत्कार विचारताय.
पाण्याची वाइन झालेली मी पाहिली नाही.
आमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत
वाइनचंच पाणी व्हायचं.

फ्रा ओर्सेल्लो शनिवारी यायचे.
झोळीत शिळे तुकडे, अनवाणी पायांवर बर्फ.
उंबऱ्याबाहेर उभे राहून
फाटकी बाही पुढे करायचे,
खोडी कबूल करणाऱ्या पोरासारखी.
मी करवादायचे. एकच झगा, सतरा हिवाळे.
मूळ कापड कुठलं, जोड कुठली,
सुईलाही उमगेना.

प्रवचनात अडखळायचे. माणसं उठून जायची.
एकदा खाटकाचं कुत्रं तेवढं उरलं.
त्याला म्हणाले, "थांबलास, उपकार झाले."

साथीत माझा नेरुच्चो गेला,
तेव्हा त्याला हात लावायला कुणी येईना.
यांनी धुतलं. खड्डा खणला.
प्रार्थना अर्ध्यात विसरले
आणि चिखलात माझ्याशेजारी
अंधार पडेतो बसून राहिले.
तुमच्या यादीत हे बसत नसेल.

पोराची घोंगडी जाळायचा हुकूम होता.
मी जाळली नाही. हेही लिहा,
आता कोण काय करणार मला.
तिचा वीतभर तुकडा
त्यांच्या डाव्या खांद्याला लावला.
त्यांनी बोट फिरवलं. "ऊब आहे," म्हणाले.
कुठला, ते विचारलं नाही.
पण तेव्हापासून झोळी
उजव्या खांद्यावर घेऊ लागले.

ते गेले, तसा गाव कात्र्या घेऊन लोटला.
प्रेताला तीनदा नवा झगा चढवावा लागला.

परवा मीही रांगेत उभी राहिले.
चांदीची डबी, वर काच,
काच ओठांनी धुरकटलेली.
आत विटकरी दोरा, तिरपा टाका.
माझाच.
साहेब, तो संताचा झगा नाही.

मागे एक बाई होती, कडेवर तापलेलं लेकरू.
"मावशी, सरका ना जरा," म्हणाली,
"याचं कपाळ टेकवू दे."

मी सरकले.

ताप उतरला का, ठाऊक नाही.
ऊब आहे त्या तुकड्याला.
तेवढं मात्र
शपथेवर लिहा.