सुपडू भंगाळेंचा फोटो

भुसावळला एक्स-रेला फोटोच म्हणतात.
"फोटो काढाचा हाये बाई, खुब्याचा,"
म्हणत सुपडू भंगाळे पहिल्यांदा आले
तेव्हा मी बदलून आले त्याला सहाच महिने झालेले,
आणि त्यांच्या मांडीच्या हाडाचा गोळा
उन्हात राहिलेल्या गुळाच्या ढेपेसारखा
एका बाजूने बसलेला.
वय त्रेचाळीस. लोको शेडमध्ये फिटर.

पुढच्या फोटोत गोळा नव्हता.
टायटॅनियमचा दांडा होता, वर खडबडीत वाटी.
सिमेंट घातलंच नव्हतं डॉक्टरांनी.
मी म्हटलं, टिकेल कसं?
तेच हसले:
"चाक आसावर कसं बसते, पाह्यलं कधी?
गोंद नाही, खिळा नाही.
आस केसभर जाड ठेवाचा अन् दाबाचं.
मंग ते दोघं पाहून घेतात."

सहा आठवडे पाय टेकायचा नाही.
हाडाने आपणहून यायचं असतं
धातूच्या खाचांत.
बोलावून येत नाही ते.

मी फोटो काढत गेले.
आधी अंधाऱ्या खोलीत, क्लिपला टांगून,
घरी भाकरी थापतानाही बोटांना रसायनाचा वास;
मग कॅसेट आल्या, मग नुसता पडदा.
बघायचं एकच:
हाड आणि धातूच्या मधे काळी रेघ आहे का.
पाचव्या वर्षी नव्हती.
अकराव्या वर्षी, त्यांची बायको गेली त्या वर्षी,
नव्हती.
मे महिन्यात टेबल गार लागतं
म्हणून काम झाल्यावरही ते जरा पडून राहत.
मी उठवत नसे.

एकोणिसाव्या वर्षी गोळा वाटीत मधोमध दिसेना.
दोन मिलिमीटर वर.
पट्टी लावून मी तीनदा मोजलं.
सांगायचं काम माझं नाही, रिपोर्ट डॉक्टर देतात,
पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते.
"आतलं प्लास्टिक झिजलं?"
मी गप्प.
"बेअरिंग जातेच, बाई. आस चांगला हाये ना?"
आस चांगला आहे, म्हटलं.

प्लास्टिक तेवढं बदललं.
झिजेच्या भुकटीने वाटीमागे हाड तीळभर पोखरलं होतं,
तिथे नवं हाड भरलं.
दांड्याला कुणी हात लावला नाही.
डॉक्टर म्हणाले, तो आता काढायचा
तर हाड फोडावं लागेल.

हा चोविसावा. माझा शेवटचा,
एकतीस तारखेला मी रिटायर.
त्यांना सांगितलं नाही.
ते आपल्या नावाचं सांगत होते:
आधीची तीन गेली, म्हणून आईने
जन्मल्याबरोबर सुपात घातलं.
"पोराले सांगून ठेवलंय,
तापीवर राख पाखडशीन त दांडा उरंल सुपात.
भंगारवाल्याले लोखंडाच्या भावात देजो नको."

हलू नका, मी म्हटलं.
बटण दाबलं.
रेघ नव्हती.
झालं, म्हटलं.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, रांगेत अजून नऊ जण.
ते पडून राहिले.
मीही जरा स्टूल ओढून बसले.