बुधवारचा भाव

बुधवारी जुन्या बाजारात जाताना
मी मुद्दाम उसवलेल्या खिशाचा शर्ट घालतो.
घड्याळ घरी. चष्म्याला दोरा.
तरी इद्रिसभाई लांबूनच ओळखतो,
गोणपाटावरचा डायनॅमो
फडक्यानं पुसायला घेतो.
म्हणजे भाव दोनशेनं वाढला.

जीप चौऱ्याहत्तरची. वनखात्याच्या लिलावातली.
वेल्ह्याहून ट्रकवर चढवून आणली तेव्हा
फ्लोअरबोर्डातून आघाडा वर आला होता
आणि ट्रान्स्फर केसमध्ये
तेलाच्या जागी पाणी,
पाण्यात एक बेडूक,
माझ्यासारखाच रिटायर्ड.

शालनची अट एकच:
फंडाला हात लावायचा नाही.
म्हणून ही वही.
डावीकडे नव्या पार्टचा भाव, उजवीकडे मी दिलेला,
मधे लाल रेघ.
किंगपिनचा सेट बाराशे; मी दीडशे आणि एक कटिंग.
हेडलाइटची रिंग साडेचारशे; मी शून्य,
भोसरीच्या भंगारवाल्याच्या मुलीला
दोन संध्याकाळी पायथागोरस शिकवला.
डिफरन्शियलच्या झाकणाचं गॅस्केट
घरीच कापलं, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून,
गणपती तेवढा वगळून.
कुणाची तरी चि. सौ. कां.
माझ्या मागच्या अ‍ॅक्सलवर नांदते आहे.

नाना पेठेतला पोपट धायगुडे म्हणाला,
"काका, स्वस्त पार्ट दोनदा घ्यावा लागतो."
वॉटर पंप मी दोनदा घेतला.
वहीत एकदाच लिहिला.

एकतीस वर्षं पिंपरीत इन्स्पेक्शनला होतो.
केसापेक्षा बारीक फरकासाठी
लाल रंग फासून पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या.
आता तळहातावर बेअरिंग फिरवतो,
कानाशी नेतो, त्याची कुरकुर ऐकून घेतो
आणि म्हणतो, चालेल.

त्या बुधवारी घमेल्याच्या तळाशी शाफ्ट सापडला.
ट्रान्स्फर केसचा, हवा तोच.
ग्रीसचा थर नखानं खरवडला तर
टोकावर चौकट, चौकटीत सतरा.
माझा पंच.
शेजारी लाल रंगाचा सुकलेला ओघळ.

हा वितळवायला गेला होता. कुठल्या गेटनं बाहेर पडला,
कोणत्या टेम्पोतून, किती वर्षं
किती घमेल्यांतून फिरला, कुणास ठाऊक.
एवढं आठवलं, की तो लॉट बबन कुदळेचा.
टर्नर. रात्रपाळी.
त्या महिन्याचा त्याचा इन्सेंटिव्ह गेला
आणि तो माझ्या टेबलाशी येऊन
काही न बोलता पाणी पिऊन गेला होता,
माझ्याच तांब्यातलं.

"साडेतीनशे," इद्रिसभाई म्हणाला.
मी साडेतीनशे काढून दिले.
त्यानं नोटा घेतल्या नाहीत.
शाफ्ट माझ्या हातातून काढून घेतला,
उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला.
"काय साहेब, काय आहे यात?
मला सांगा. सोनं आहे का तडा?"

घरी मायक्रोमीटर लावला.
मापापेक्षा चार शतांश कमी.
तेव्हाही चारच होता.
गाडीतला जुना, कंपनीनं पास केलेला,
झिजून वीसनं कमी झालेला.

हातोडी जवळ काढून ठेवली होती.
लागली नाही.

वहीत त्या दिवशी डावी बाजू कोरी आहे.
शालननं विचारलं, नव्याचा भाव मिळाला नाही का?
मी म्हटलं, विचारायला विसरलो.

रविवारी बोपदेव घाटात, दुसऱ्या वळणाला,
मी पुढच्या चाकांना कामाला लावलं,
गियर खाली घेतला
आणि मान तिरकी करून बसलो.
मागून टेम्पोवाला हॉर्न मारत होता.
"काय ऐकताय एवढं?" शालन म्हणाली.

काही नाही.
दोन दांडे, एक केस, भरपूर तेल,
आणि त्यातून
काहीच ऐकू येत नव्हतं.