ताटलीचा उजेड

शनिवारी चार वाजताच शटर ओढलं.
तीन मोटारी पोट उघडी टाकून तशाच पडलेल्या,
नळगीरच्या माणसाचे दोन फोन उचलायचे राहिले.
दस्तगीरचाचा म्हणाले, जाऊन ये की,
मोटार काय पळून जायलीय?
पळत नाही म्हणूनच तर आपल्याकडं येते.

रात्री औशाला बहिणीकडं मुक्काम.
सकाळी भाच्याला मागं बसवून खरोशाला.
लेणी म्हणजे काय, मन्मथ सारखा विचारायला.
म्हटलं, डोंगर वाइंडिंगला घेतला होता कुणीतरी,
जुनं सगळं काढलं
आणि नवं भरायचं राहून गेलं.

आत थंड. जांभ्या दगडाचा वास.
मोबाईलची बॅटरी मारली तर
भिंत पांढरी झाली आणि मूर्ती गेली.
नाक नाही, ओठ नाही, सगळं सपाट,
आधार कार्डावरच्या माझ्या तोंडासारखं.

बाहेर शेळ्या सोडून एक म्हातारी जेवत होती.
कोंडाबाई, हे नाव मागाहून कळलं.
तिनं ताटलीतली चटणी बोटानं पुसून खाल्ली,
ताटली पदरानं लख्ख केली
आणि उन्हात उभं राहून जरा कलती धरली.
मी म्हटलं, मावशी, वर मारा, त्याच्या तोंडावर.
म्हणाली, तोंडावर मारायचा नसतो रे,
देव डोळे मिटतो.
भुईवर मारायचा.
भुईवरून तो आपला आपण जातो.

आणि गेला की.
फरशीवरून उठला, गुडघ्यापर्यंत आला,
मग हळूच एक गाल,
गालाखाली गालाची सावली,
झिजून झिजून उरलेलं थोडंसं हसू.
मन्मथ बघत होता देवाकडं,
मी ताटलीकडं.

बारा वर्षं माझ्या डोक्यावर एकच ट्यूब.
जिथं हात घालावा तिथं हाताचीच सावली.
चोवीस खाचा स्टेटरला, तार केसाएवढी,
आणि मी माझ्याच अंगठ्याला शिव्या देत आलेलो.

रविवारी रात्रीच बसलो.
आधी घरचीच ताटली टांगली, लग्नातली, नाव कोरलेली.
ती डोळ्यात टोचायला लागली
आणि बायको येऊन घेऊन गेली.
मग तेलाच्या डब्याचे चार पत्रे कापले,
ठोकून सरळ केले, एक बोट कापलं,
चुन्याचे दोन हात दिले.
मंडपवाल्या शेषेरावच्या भंगारातली एलईडीची माळ,
अर्धी मेलेली, जिवंत तेवढी घेतली,
कूलरच्या पट्टीत उलटी बसवली, तोंड वर.
उजेड आधी पत्र्यावर जाऊ दे,
मग येऊ दे खाली, त्याला यायचं तसं.

आला. सायीसारखा.
खाचेच्या तळाचा पिवळा कागदसुद्धा दिसला.
हात घातला, काढला, परत घातला,
सावली नाही.
एकटाच हसलो, रात्रीचा दीड वाजला होता.

सोमवारी चाचा आले, वर बघितलं, माशाल्ला म्हणाले,
मांडी घालून बसले, कॉइल हातात घेतली.
आणि त्या सगळ्या उजेडात मला पहिल्यांदा दिसलं,
चाचा डोळे मिटून तार भरतात.
बोटाचं टोक खाच हुडकतं,
ओठ हलतात, एकतीस, बत्तीस.

चाचा, हे कवापासून?
ट्यूब होती तवापासून, ते म्हणाले.
तुझ्या सावलीत तुला दिसलं नाही, एवढंच.

म्हटलं, मग ही बंद करू का?
नको, असू दे.
पण बोलू नको मधी, मोजणी गेली माझी.

त्यांनी बत्तीस वेढे उलगडले,
मांडीवर तांब्याचा ढीग झाला, तांबडा, चमकता,
आणि परत एकपासून सुरू केलं.
नळगीरच्या माणसाचा फोन वाजत होता.
मी तो पालथा ठेवला.