काळी वायर

लाँचचा डिझेलचा काटा दोन वर्षं शून्यावर झोपलेला.
कॅन ओतला तरी शून्य, टाकी उतू गेली तरी शून्य.
मामंजी म्हणायचे, त्याला इचारतंय कोण,
आणि टाकीत शेवग्याची काडी घालून
ओल्यावर नखानं खूण करायचे.

चैतात एका बुधवारी काडी घरी राहिली.
कुगावच्या धक्क्यावरून निघालो. तीन मोटरसायकली,
पेंडीची दोन पोती, बस्त्याचं गाठोडं मांडीवर घेतलेली एक बाई.
आणि जिथून दोन्ही काठ सारखेच लांब,
तिथं इंजिन खोकलं
आणि गप्प झालं.
काटा शून्यावर.
दोन वर्षांत तेवढ्या एका दिवशी तो खरं बोलत होता.

तासभर वाहत गेलो.
उथळात रोहित पक्षी मान बुडवून चरत होते,
त्यांना आमचं काय.
बाई म्हणाली, हळद उद्या हाय, आज नाही, ते बरं.

दुसऱ्या दिवशी जेऊरहून यासीन मिस्त्री आला.
ट्रॅक्टरचा माणूस.
"बोटीतलं मला कळत नाही वहिनी,
पण काटा हितनं तिथनं काटाच."
मी मोबाईलचा उजेड धरला.
किल्ली फिरवा. इंजिन नको, नुसती किल्ली.
टाकीवरची गुलाबी वायर सोडवून
त्यानं बॅटरीच्या वजा टोकाला टेकवली
तसा काटा ताडकन उठला, थेट भरल्याच्या खुणेवर.
टाकी खडखडीत!
मामंजी म्हणाले, ह्यो तर आणखीनच लबाड निघाला.
"नाही ओ, म्हंजे काटा शहाणा हाय. ही वायरबी शाबूत.
दुखणं खाली हाय."

पाच स्क्रू काढून त्यानं टाकीतला तरंगा वर काढला,
कानाशी हलवून बघितला, नारळ बघावा तसा.
आत डिझेल शिरलं नव्हतं.
मीटर लावून दांडी हळूहळू उचलली,
दोनशे चाळीसपासून तीसपर्यंत
आकडे न अडखळता जिना उतरले.

"मग?"
"मग अर्थ तुटला असंल."

मी सातवी पास. अर्थ मला माहीत होता तो
धड्याखालचा, दोन मार्कांचा.
यासीनचा अर्थ काळ्या रंगाचा होता,
टाकीपासून निघून फळ्यांखाली शिरणारा.
"सगळं फिरून जिथं माघारी येतं, ती जागा.
ट्रॅक्टरला चॅसी असती. घराला जमीन असती.
ह्या फायबरच्या डोणीला काय हाय?"

मामंजी पाण्याकडं बघत राहिले.
तिथंच कुठं खाली त्यांची विहीर आहे,
आतूनही भरलेली, वरूनही.

तीन फळ्या उचलल्यावर सापडलं.
वायरच्या टोकाची कडी कळकलेली, हिरवी,
कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक राहावं तशी.
हात लावला तर चुरा.
त्यानं वायर कापली, आतली तांब्याची तार
चकचकीत लागेपर्यंत मागं मागं कापत गेला,
नवीन कडी दाबली, वर व्हॅसलीन फासलं,
आणि म्हणाला, ओता.

पाच लिटर.
काटा उठला, घाई न करता,
जेवण झाल्यावर माणूस हात टेकून उठतो तसा,
आणि पावाच्या थोडा अलीकडं थांबला.
आम्ही तिघंही उगाच त्याच्याकडं बघत उभे.
मग मामंजींनी खिशातून काडी काढली, टाकीत घातली,
नखाची खूण डोळ्याजवळ नेली.
काही बोलले नाहीत.

पेंडीच्या पोत्यावर पेपर पडला होता:
उजनी वजा बावीस टक्के.
मामंजींनी तो यासीनपुढं सरकवला.
"ह्या काट्याचा अर्थ कुणी तपासला का रं?
शून्याच्या खाली बावीस,
आन् आपण तर तरंगतोय."
यासीन पाने पुसत हसला.
दोनशे मागितले, दीडशेवर तुटलं,
वर चहा.

काडी अजून बोटीतच असते.
आता खूण मी करते.