सूप

लायब्ररीचं नाव सूप.
ज्यानं लिहिली त्याच्याकडे ते वाटीत घेऊन पीत असतील.
मी धायरीच्या तिसऱ्या मजल्यावर
रात्री पावणेबाराला
पाखडायचं म्हणूनच हातात धरलं.

पान आलं की आपटायचं, झेलायचं.
जाहिराती, पिवळे तारे, 'फक्त दोन शिल्लक',
कुण्या बाईंचं 'वापरून कळवते',
सगळं फोलपट उडतं
आणि कडेला एक दाणा उरतो:
चौदा हजार चारशे नव्याण्णव.

हे मंदावहिनींच्या मशीनसाठी.
पिको-फॉलची जुनी मशीन धागा खाते,
गिऱ्हाईक साडी परत आणून मांडीवर टाकतं.
जिन्यातच म्हणाल्या,
"बसव की तुझ्या कॉम्प्युटरला पहाऱ्यावर.
बारापर्यंत उतरला तर वरूनच हाक मार."

बसवला.
दर तीन तासांनी जातो, दोन दुकानांत सात सेकंद थांबतो,
उगाच दार बडवत नाही.
त्यांच्या दारावरही पाटी असते,
माणसाला न दिसणारी, नुसती यंत्रांसाठी:
इथवर यावे. पुढे येऊ नये.
मी सदाशिव पेठेत क्लासला गेलेला मुलगा,
पाटी वाचल्याशिवाय कुठे शिरत नाही.

पण बघत राहिलं की भावही भाव खातो.
सोमवारी वाढला. पितृपक्षात जरा बसला.
घटस्थापनेला पुन्हा पंधराच्या वर,
आणि शेजारी लाल अक्षरात 'चाळीस टक्के सूट'.
मी रकाने खाली सरकवत विचार करायचो,
माझीच नजर लागते की काय याला.
मीठमोहऱ्या ओवाळायच्या कशावरून,
आकड्यावरून?

एकोणतिसाव्या दिवशी सूप रिकामं.
त्यांनी रातोरात किमतीच्या डब्याचं नाव बदललेलं,
माझं पोरगं जुन्याच नावानं हाका मारत उभं.
फाइलमध्ये ओळीखाली ओळ:
काही नाही.
काही नाही.
काही नाही.
शून्य असतं तर फुकट तरी म्हणता आलं असतं.

मी ते दुरुस्त करत बसलो तो शनिवार.
त्याच दुपारी वहिनी बोहरी आळीत जाऊन आल्या.
हकीमुद्दीनभाईंशी तासभर घासाघीस,
शेवटी चौदा हजार रोख,
वर तेलाची बाटली, अकरा सुया,
आणि स्टुलावर बसवून
धाग्याचा ताण कसा धरायचा तो धडा.
रिक्षात मशीन पायाशी,
सिंहगड रोडचे सगळे खड्डे
त्यांनी गुडघ्यांनी झेलले.

मंगळवारी पहाटे तीनला माझा फोन थरथरला:
अकरा हजार नऊशे नव्याण्णव.

सकाळी निघालो. मधे चोवीस पायऱ्या.
सोळावीवर बराच वेळ उभा राहिलो.
खालून नव्या मशीनचा आवाज येत होता,
एकसारखा, न अडखळता.

सांगितलं.
पायडलवरचा पाय निघाला नाही.
"दोन हजार," एवढंच म्हणाल्या,
आणि अबोली साडीचा काठ संपवला आधी.
मग दातानं धागा तोडून:
"फॉलचे भाव पण आणतो का रे तो?
ऑनलाइनवाले किती घेतात, बघ की जरा."

बघितलं.
दोन मिनिटांत परत, आज्ञाधारक,
एकच दाणा घेऊन:
पिको-फॉल, घरून नेऊन घरी पोचवणार, पंचावन्न.

वहिनींच्या दारावर पुठ्ठा आहे, त्यांच्याच अक्षरात.
पिको-फॉल नव्वद रुपये. भाव करू नये.

तो दाणा अजून माझ्याकडेच आहे.
विचारलं तर म्हणतो, नेट बंद आहे, वहिनी.
त्याही म्हणतात, असू दे,
आणि दोघंही पुठ्ठ्याकडे बघत नाही.

तो मात्र जातोच आहे
त्या विकत घेऊन झालेल्या मशीनच्या दारात,
दर तीन तासांनी.
पाटी वाचतो,
सात सेकंद थांबतो,
विचारतो.